योनिमार्गातील जिवाणूसृष्टी: ती कशी ओळखावी, कशी जपावी आणि बिघडल्यास काय करावे

अंगावरून पांढरे जाणे म्हणजे आजारच, असे समजून असंख्य स्त्रिया वर्षानुवर्षे मनातल्या मनात झुरतात, आणि ज्या स्रावाची त्यांना लाज वाटते तोच बहुतेक वेळा शरीर नीट चालल्याची खूण असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. पाळी चालू असलेल्या वयातील निरोगी स्त्रीच्या योनिमार्गातून दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर स्राव बाहेर पडतो. गर्भाशयमुखातील चिकट द्रव, योनीच्या अस्तरातून सुटलेल्या जुन्या पेशी आणि कोट्यवधी जिवाणू यांचा तो बनलेला असतो. हे जिवाणू तेथे चुकून शिरलेले नसतात. त्यांचा मुक्काम तेथेच असतो आणि संसर्ग दूर ठेवण्याच्या कामातील मोठा वाटा तेच उचलतात. त्यांना धक्का न लावता कसे राहावे, खरी तक्रार कशी ओळखावी आणि उपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे या लेखात सांगितले आहे.

आधी आतली व्यवस्था समजून घ्यावी

वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि योनीचे अस्तर जाड होऊन त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साठवणीची शर्करा भरू लागते. पेशी गळून पडल्या की ती शर्करा मोकळी होते, स्रावातील विकर तिचे लहान तुकडे करते आणि लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू त्यांवर जगून लॅक्टिक आम्ल तयार करतात. या आम्लामुळे योनिमार्गाचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ इतका राहतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असतो, त्यामुळे सामू ४ वरून ५ वर गेला तर दिसायला किरकोळ वाटणारा हा बदल जिवाणूंच्या दृष्टीने संपूर्ण परिस्थिती पालटणारा ठरतो. ४.५ च्या आतल्या सामूत रोगकारक जिवाणूंपैकी फारच थोडे तग धरतात.

जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये या आम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंचे वर्णन केले होते. मात्र त्यांच्यातील प्रकार नेमके कोणते, हे जनुकीय तपासणीची साधने आल्यावरच स्पष्ट झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतील ३९६ निरोगी स्त्रियांचे नमुने तपासले गेले आणि त्यांची पाच गटांत विभागणी करता आली. चार गटांत एकेका लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व होते: क्रिस्पॅटस, गॅसेरी, इनर्स आणि जेन्सेनी. उरलेल्या गटात लॅक्टोबॅसिलस कमी होते आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या नाना प्रकारच्या जिवाणूंची दाटी होती. आतड्यात जिवाणूंचे वैविध्य जितके अधिक तितके सामान्यतः चांगले मानले जाते. योनिमार्गात मात्र बहुधा एकाच उपयुक्त जातीचे राज्य असणे हितावह ठरते. त्यातही क्रिस्पॅटस हा सर्वांत भरवशाचा सोबती आहे, तर इनर्सचे वर्चस्व तुलनेने डळमळीत असते आणि त्या स्थितीतून बिघाडाकडे घसरण लवकर होते.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. या अभ्यासातील सर्व स्त्रिया निरोगी होत्या, आणि त्यांतील कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्त्रियांपैकी जवळपास ४० टक्के स्त्रिया लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या गटात होत्या. म्हणजेच आदर्श चित्राशी न जुळणारी जिवाणूसृष्टी असणे हा आपोआप आजार ठरत नाही. कोणताही त्रास नसताना केवळ एखाद्या अहवालातील नावे पाहून स्वतःला रुग्ण समजू नये.

स्वतःचे नेहमीचे काय आहे, हे नोंदवून ठेवावे

बिघाड ओळखायचा तर आधी नेहमीची स्थिती ठाऊक असावी लागते. म्हणून किमान दोन ते तीन पाळ्यांच्या काळात एका वहीत छोट्या नोंदी कराव्यात: पाळीचा कितवा दिवस आहे, स्रावाचा रंग आणि घट्टपणा कसा आहे, वास नेहमीपेक्षा वेगळा आहे का, खाज, आग किंवा लघवीला जळजळ होते का. याच वहीत संबंध आल्याचे दिवस, घेतलेली प्रतिजैविके आणि गर्भनिरोधकात केलेला बदलही लिहावा, कारण डॉक्टरांना कारणाचा माग बहुधा याच तीन नोंदींतून लागतो.

अशा नोंदी ठेवल्यावर स्रावाला स्वतःची एक लय असते, हे लक्षात येते. पाळी संपल्यावर तो कमी असतो. बीजोत्सर्गाच्या आसपास तो पारदर्शक, निसरडा आणि दोन बोटांत ताणला जाईल असा होतो. त्यानंतर पुन्हा दाट व पांढरट होतो. गरोदरपणात त्याचे प्रमाण वाढते. किंचित आंबूस वास हा तर आम्लाचाच वास असतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. पाळीच्या दिवसांत सामू वाढतो, कारण रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, आणि त्या काळात लॅक्टोबॅसिलसची संख्या घटून ती पुढे आपोआप भरून येते. ३२ स्त्रियांचे नमुने आठवड्यातून दोनदा, सलग १६ आठवडे तपासणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांची जिवाणूसृष्टी महिनोन्‌महिने स्थिर राहते, तर काहींची थोड्याच दिवसांत बदलून पुन्हा पूर्ववत होते, असे त्यात आढळले. त्यामुळे एखाद्या दिवसाचा किरकोळ बदल पाहून लगेच औषधाकडे धाव घेऊ नये.

रोजच्या सवयींत काय टाळावे आणि काय करावे

सर्वांत परिणामकारक सल्ला हा काही न करण्याचा आहे. योनीच्या आत पाणी, जंतुनाशक द्रावण किंवा व्हिनेगर यांचा फवारा मारून धुणे पूर्णपणे बंद करावे. अशा धुण्याने आम्ल आणि ते तयार करणारे जिवाणू दोन्ही वाहून जातात, रिकामी जागा इतर जिवाणू बळकावतात, आणि खालचा संसर्ग दाबाने वर गर्भाशयाकडे ढकलला जाण्याची भीती निर्माण होते. नियमितपणे असे धुणाऱ्या स्त्रियांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस (लॅक्टोबॅसिलस घटून इतर जिवाणू वाढण्याचा बिघाड) अधिक आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वास येतो म्हणून धुवावे आणि धुतल्यामुळे वास वाढावा, असे हे दुष्टचक्र आहे. त्यातून सुटण्याचा पहिला उपाय म्हणजे धुणे थांबवून तपासणी करून घेणे. सुगंधी फवारे, सुवासिक पुसण्या, वाफारे आणि योनीत ठेवण्याच्या सुगंधी गोळ्या यांनाही हेच लागू आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला तरी पुरतो. साबण वापरायचाच असेल तर तो सौम्य, बिनसुगंधी आणि फक्त बाहेरच्या त्वचेपुरता असावा. शौचानंतर पुढून मागे पुसावे किंवा धुवावे.

योनीत दही, लसूण किंवा लिंबाचा रस घालण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. दह्यात जिवाणू असतात हे खरे, पण योनीत वस्ती करणाऱ्या जाती वेगळ्या असतात आणि दह्यातील जाती तेथे टिकून राहत नाहीत. लसूण आणि लिंबामुळे तर नाजूक अस्तर भाजल्यासारखे होऊ शकते.

वीर्य आम्लारिधर्मी असते, म्हणून संबंधानंतर काही तास योनीची आम्लता कमी होते. हे नैसर्गिक आहे; मात्र वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांनी काही महिने नियमितपणे निरोध वापरून फरक पडतो का, हे अवश्य पाहावे. नोनॉक्सिनॉल-९ असलेली शुक्राणुनाशके टाळावीत, कारण ती वारंवार वापरल्यास अस्तराला इजा करतात. तांबी बसवल्यावर काही स्त्रियांना पाळीत रक्तस्राव अधिक होतो आणि त्यासोबत व्हजायनोसिसच्या तक्रारी वाढू शकतात. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीविषयी डॉक्टरांशी बोलावे, परंतु पर्याय हाताशी नसताना घाईने तांबी काढून घेऊ नये. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचे प्रमाण कमी आढळते, आणि सर्दीपडशासाठी विनाकारण घेतलेली प्रतिजैविके उपयुक्त जिवाणूंनाही मारून बुरशीला मोकळे रान देतात.

तक्रार आली तर आधी निदान, मग औषध

खाज सुटली की बुरशी झाली असे गृहीत धरून औषधाच्या दुकानातून मलम आणणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा प्रकारे स्वतःच बुरशीचे औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली गेली, तेव्हा त्यांतील जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना केवळ बुरशीचा संसर्ग होता. उरलेल्यांचा आजार निराळा किंवा मिश्र स्वरूपाचा होता, आणि काहींना आजार नव्हताच.

तीन मुख्य कारणांमधील फरक ढोबळमानाने असा सांगता येतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये लॅक्टोबॅसिलस मागे पडून गार्डनरेला ही जिवाणूंची जात आणि तिचे सोबती वाढतात. स्राव पातळ, करडट-पांढरा असतो, माशासारखा वास येतो आणि तो संबंधानंतर किंवा पाळीत जास्त जाणवतो, पण खाज फारशी नसते. कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गात उलट स्थिती असते: तीव्र खाज, लाली, फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा स्राव, परंतु वास जवळपास नसतो आणि सामूही बहुधा ४.५ च्या आतच राहतो. ट्रायकोमोनास हा परजीवी लैंगिक संबंधातून पसरतो. त्यात पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, जळजळ आणि वास असू शकतो, आणि जोडीदाराचा उपचार त्याच वेळी करावाच लागतो. ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, दोन संसर्ग एकत्रही असतात, म्हणून हे वर्णन डॉक्टरांशी नेमके बोलता यावे यासाठी वापरावे, औषध निवडण्यासाठी नव्हे. व्हजायनोसिस ही तर अतिशय सर्वसामान्य स्थिती आहे: जागतिक आकडेवारीनुसार प्रजननवयातील २३ ते २९ टक्के स्त्रियांना ती असते, आणि त्यांतील पुष्कळजणींना कोणतेच लक्षण जाणवत नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी एक-दोन दिवस संबंध टाळावेत, योनीत मलम किंवा गोळी ठेवू नये, आणि रक्तस्राव फार असेल तर शक्यतो तो ओसरल्यावर जावे. वास असेल तर तो धुऊन झाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण वास हासुद्धा निदानाचा भाग आहे. १९८३ मध्ये मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या ॲमसेल निकषांत चार गोष्टी पाहिल्या जातात: पातळ एकजिनसी स्राव, सामू ४.५ पेक्षा अधिक, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा माशासारखा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी मढलेल्या पेशी. चारपैकी तीन आढळल्या तर निदान पक्के होते. प्रयोगशाळेत काचपट्टी रंगवून जिवाणूंची मोजदाद करणारी न्यूजंट गुणपद्धतीही आहे. तिच्यात ० ते १० गुण असतात आणि ७ किंवा अधिक गुण म्हणजे व्हजायनोसिस. आपली तपासणी यांपैकी कोणत्या पद्धतीने झाली, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो तिने संकोच न करता वापरावा.

सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या घरी वापरता येतात. सामू ४.५ च्या वर आला तर बुरशीची शक्यता कमी होते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. रक्त, वीर्य आणि स्नेहक यांमुळेही आकडा वर जातो. घरी नमुना घेऊन जिवाणूंची लांबलचक यादी देणाऱ्या चाचण्यांनी मात्र निदान होत नाही, आणि त्यांच्या आधारे सुचवलेली पूरके घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

उपचार घेताना आणि त्रास उलटल्यावर

बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी डॉक्टर बहुधा मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. मेट्रोनिडॅझोलचे जेल किंवा क्लिंडामायसिनचे मलम योनीत लावणे हा दुसरा मार्ग आहे. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून औषध सोडू नये. क्लिंडामायसिनच्या मलमातील तेलामुळे लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो, ही बाब अनेकदा सांगायची राहून जाते.

औषधाने बहुतेकींना आराम पडतो, पण निम्म्याहून अधिक स्त्रियांत वर्षभरात त्रास पुन्हा उद्भवतो. यात त्या स्त्रीच्या स्वच्छतेचा दोष नसतो, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अनेकजणी स्वतःलाच दोष देत आणखी जोमाने धुऊ लागतात. गार्डनरेला अस्तरावर चिकट थर बनवते आणि त्या थराखालचे जिवाणू औषधातून वाचतात. दुसरे कारण जोडीदार असू शकतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत कायम जोडीदार असलेल्या १६४ जोडप्यांचा समावेश होता. ज्या जोडप्यांत पुरुषालाही सात दिवस तोंडाने मेट्रोनिडॅझोल आणि लिंगाच्या त्वचेवर लावण्यासाठी क्लिंडामायसिनचे मलम दिले गेले, त्यांतील ३५ टक्के स्त्रियांना १२ आठवड्यांत त्रास उलटला. केवळ स्त्रीवर उपचार झालेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. म्हणून व्हजायनोसिस परत परत होत असेल आणि जोडीदार कायमचा असेल, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे आणि त्याच्या उपचाराविषयी स्पष्ट विचारावे.

उपयुक्त जिवाणू बाहेरून देण्याची कल्पना आशादायक आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२८ स्त्रियांना मेट्रोनिडॅझोलनंतर क्रिस्पॅटसची विशिष्ट उपजात किंवा तुलनेसाठी औषधी घटक नसलेले दिखाऊ औषध योनीत दिले गेले. १२ आठवड्यांअखेर त्रास उलटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के, तर दुसऱ्यात ४५ टक्के होते. परंतु बाजारातील कोणत्याही प्रोबायोटिक कॅप्सूलला हा निष्कर्ष लागू होत नाही, आणि तोंडाने घेण्याच्या कॅप्सूलविषयीचा पुरावा अजून दुबळा आहे. बोरिक आम्लाच्या गोळ्या वारंवार होणाऱ्या त्रासात डॉक्टर कधीकधी योनीत ठेवण्यास देतात. ते पोटात गेल्यास विषारी ठरते आणि गरोदरपणात वापरायचे नसते, म्हणून ते स्वतःच्या मनाने आणू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर

आम्लाचा बंदोबस्त ढिला झाला की क्लॅमिडिया, गोनोरिया आणि एचआयव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांची लागण होण्याचा धोका वाढतो. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया वर चढून गर्भनलिकांना सूज आणतात, नलिका आतून चिकटतात आणि मूल राहण्यात अडथळा येतो किंवा गर्भ नलिकेतच रुजतो. म्हणून मूल होण्यासाठी प्रयत्न सुरू करण्यापूर्वी लक्षणे नसली तरी या संसर्गांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. कृत्रिम गर्भधारणेच्या काही अभ्यासांत लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या स्त्रियांत यश कमी दिसले. मात्र जिवाणूसृष्टी बदलून मूल राहण्याची शक्यता वाढते, असे सिद्ध झालेले नाही. गर्भाशयातील जिवाणूंची महागडी चाचणी सुचवली गेली, तर तिच्या निकालामुळे उपचारात नेमका काय बदल होणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

गरोदरपणातील व्हजायनोसिसचा दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्रसूतीशी संबंध आढळतो. तरीही लक्षणे नसलेल्या, कमी जोखमीच्या सर्व गर्भवतींची सरसकट तपासणी करून औषध दिल्याने अकाली प्रसूती टळत नाही, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे, आणि अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये अशा तपासणीविरुद्ध मत दिले. लक्षणे असतील तर मात्र उपचार घ्यावाच. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते आणि काही महिने लॅक्टोबॅसिलस कमी राहतात. या काळातील कोरडेपणा तात्पुरता असतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असलेला एचपीव्ही विषाणू लॅक्टोबॅसिलस कमी असताना अधिक काळ चिकटून राहतो, असे आढळते. त्यावरचा उपाय म्हणजे लस आणि वेळच्या वेळी गर्भाशयमुखाची तपासणी. जिवाणूंची कोणतीही काळजी त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पाळी गेल्यानंतर

पाळी कायमची थांबली की इस्ट्रोजेन, ग्लायकोजेन आणि लॅक्टोबॅसिलस या क्रमाने सारेच कमी होते आणि सामू ५ च्या वर जातो. कोरडेपणा, संबंधाच्या वेळी वेदना आणि वारंवार लघवीचा संसर्ग, या तीन तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते, पण त्या वयाच्या नावाखाली सोसल्या जातात, याचे फार वाईट वाटते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांपैकी काहींना योनीत लावण्याचे एस्ट्रिऑलचे (इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचे) मलम दिले गेले. त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण वर्षाला सरासरी ०.५ इतके उतरले, तर औषधी घटक नसलेले दिखाऊ मलम दिलेल्या गटात ते ५.९ होते; महिन्याभरात मलम लावणाऱ्यांपैकी ६१ टक्के स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस परतले आणि सरासरी सामू ५.५ वरून ३.८ वर आला. स्तनांचा कर्करोग झालेला असेल तर हे मलम वापरावे का, याचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

कोणत्याही वयात ओटीपोटात दुखून ताप येणे, गरोदरपणात अचानक पाण्यासारखा स्राव वाहू लागणे, संबंधानंतर रक्त दिसणे, ही लक्षणे वहीत नोंदवून वाट पाहण्याची नाहीत. पहिल्या दोन लक्षणांत त्याच दिवशी आणि तिसऱ्यात लवकरात लवकर डॉक्टरांकडे जावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग दिसला, तरी तो कोरडेपणामुळेच असेल असे मानून न थांबता गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी.